पहिली सही

"भाऊसाब, रजिस्टर हिकडं आना. गर्दी हुयाच्या आत माझं आटपून घेते."

पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. शाळेची पोरं गोळ्यांसाठी रांगेत ढकलाढकली करत होती, सरपंच टोपी सारखी करत होते, आणि कोंडाआक्का चावडीतल्या माझ्या टेबलापुढे येऊन उभीसुद्धा राहिली होती. तरसमाळ नावाची धनगरांची वस्ती गावापासून चांगली दीड कोस वर. तिथून ती चालत आली होती, आणि तरी गावातल्या माणसांच्या आधी.

मी तेव्हा पिंपरणीचा ग्रामसेवक होतो. आमच्याकडे ग्रामसेवकाला सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं. पंचायतीचं दप्तर, दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि सभेचं लिखाण, सगळं त्याच्या हातात. वय बत्तीस, नोकरी आठ वर्षांची आणि डोक्यात हवा. गावाला काही कळत नाही आणि आपल्याला सगळं कळतं, अशी माझी त्या काळी पक्की समजूत होती.

मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. ग्रामसभेच्या हजेरीचं पान कोरं होतं. आक्काने पदराने हात पुसला, पेन मुठीत धरल्यासारखं धरलं आणि जीभ दातांत पकडून लिहायला लागली. कोंडाबाई रामा कोळेकर. सगळं व्हायला दोन मिनिटं लागली. मागे चारदोन माणसं जमली, कोणीतरी म्हणालं, "आक्का, सूर्य मावळंल गं."

"मावळू दे. तुज्यासारखी चिरखडत न्हाई मी," आक्का मान वर न करता म्हणाली.

ही सही मी शिकवली होती. साक्षरतेची मोहीम निघाली तेव्हा ग्रामसेवकांच्या गळ्यात वर्ग मारले होते. मी तरसमाळावर आठवड्यातून दोनदा संध्याकाळी जायचो. बाया यायच्या, हसायच्या, निघून जायच्या. आक्का एकटी टिकली. चुलीतली राख परातीत पसरून बोटाने नाव गिरवत बसायची. पुढचं काही शिकायचं म्हटलं की म्हणायची, "एवडं बास. माझं नाव मला वळकू आलं म्हंजी कुनी फसवनार न्हाई." तेवढंच तिला वाचता येत होतं, स्वतःचं नाव. पण ते कुठेही लिहिलेलं असो, लांबून ओळखायची.

त्या दिवशी ती तळ्यासाठी आली होती. विषयपत्रिकेत नववा विषय होता खडी क्रशरला ना हरकत दाखला देण्याचा. जागा तरसमाळाच्या उताराची, आणि तिथून हाकेच्या अंतरावर वस्तीचं तळं. बाहत्तरच्या दुष्काळात त्या तळ्याचं काम निघालं होतं. आक्का तेव्हा नवी सून, पोटुशी. पाट्या वाहून वाहून तिचं ते पहिलं मूल गेलं. पण तळं झालं, आणि तेव्हापासून वस्तीची बाराशे मेंढरं आणि वीस घरं त्याच पाण्यावर होती.

आठ विषय तात्यांनी झपाट्याने उरकले. तात्या म्हणजे हिंदुराव सरपंच. वाईट माणूस नव्हता. लग्नाकार्याला उभा राहणारा, कोणाला मोडता न घालणारा. पण क्रशरवाला त्याच्या साडूचा दोस्त, आणि साडूचा शब्द त्याला बायकोपेक्षा जड.

"विषय नऊ. गट नंबर अमुक इथं खडी क्रशर. गावातल्या पोरांना काम मिळंल. मंजूर?"

"मंजूर," पुढच्या रांगेतून आलं. मागचे निम्मे लोक शाळेत नाच बघायला गेलेले.

"न्हाई मंजूर!"

आक्का उभी राहिली होती. वस्तीवरचं दुसरं कोणी आलं नव्हतं, आणि बायकांच्या बाजूला ती आणि अंगणवाडीच्या बाई, एवढ्या दोघीच होत्या.

"तात्या, तुमी खडी फोडा, माझं काय म्हननं न्हाई. पर तळ्यापासनं लांब फोडा. दगडाची भुकटी पान्यात पडली तर मेंढरांनी काय करायचं? आनि आमी काय प्यायचं? म्या त्या तळ्यापायी काय घातलंय ते सांगायला लावू नगा मला चारचौगांत."

तात्या डोकं खाजवत हसले. "आक्का, तुझं खरं हाय. भाऊसाहेब, लिहून घ्या आक्काचं."

"लिव्हलं का?" आक्काने मला विचारलं.

मी कच्ची वही वर धरून दाखवली. सभेत जे होईल ते मी आधी पेन्सिलीने त्या वहीत टिपायचो आणि मग सवडीने पक्क्या रजिस्टरात उतरवायचो. वहीत खरोखरच लिहिलं होतं, 'कोंडाबाई कोळेकर, तळे, हरकत.' तिला ते वाचता येत नव्हतं, पण ओळीच्या सुरुवातीला आपलं नाव तिने ओळखलं. समाधानाने खाली बसली.

पक्कं लिखाण मी दहा दिवसांनी केलं. तात्या स्वतः कचेरीत आले, चहा मागवला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, क्रशरचा ठराव आधी लिहा. नक्कल उद्याच तालुक्याला द्यायचीय. आणि एकमतानं लिहा."

"आक्काची हरकत आहे तात्या."

"अहो, एका बाईची हरकत! ती लिहिली की वर शंभर प्रश्न विचारतात. तळ्याचं मी बघतो. क्रशरवाल्याला जरा पलीकडं सरकवतो. माझ्यावर विश्वास न्हाई का तुमचा?"

विश्वास होता की नव्हता, हा प्रश्नच नव्हता. सरपंचाशी वाकडं घेऊन गावात ग्रामसेवकी होत नाही. आणि खरं सांगायचं तर मला तिची हरकत तेव्हा फार मोठी वाटलीच नाही. मी पेन उघडलं. रजिस्टरात क्रशरचा ठराव पहिला लिहिला, 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं, खालच्या मोकळ्या जागा नेहमीसारख्या भरल्या आणि पुढच्या ठरावाला लागलो. चहा प्यालो. तो चांगला झाला होता, हेही आठवतं.

दिवाळीनंतर क्रशरची यंत्रं माळावर चढली. तात्यांनी त्यांना पलीकडे सरकवलं नाही. वस्तीवरच्या माणसांनी शाळेच्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला: सभेत आमच्या बाईने हरकत घेतली होती, ती विचारात घेतली नाही, ठराव रद्द करावा. अर्ज पंचायत समितीत गेला. गटविकास अधिकाऱ्यांनी सुनावणी लावली, ती संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी.

मी रजिस्टर पिशवीत घालून सकाळीच तालुक्याला पोचलो. कच्ची वहीही त्याच पिशवीत होती, दप्तराबरोबर ती नेहमीच असायची. समितीच्या व्हरांड्यात आक्का भिंतीला टेकून बसलेली. बरोबर तिचा दीर बिरा आणि वस्तीवरच्या दोन बाया. बाकीचे पुरुष मेंढरं घेऊन खाली नदीकाठाला गेलेले. बिरा या कामासाठी कळप दुसऱ्याच्या हवाली करून दोन दिवस चालत आला होता.

मला बघून आक्का उठली. पदराच्या गाठीतून तिळगूळ काढून माझ्या हातावर ठेवला.

"घ्या भाऊसाब. गोड न्हाई बोललासा तरी चालंल. आज तेवडं खरं बोला."

"बोलतो की आक्का. त्यात काय," मी म्हणालो आणि तिळगूळ तोंडात टाकला.

मला खरंच वाटत होतं की बोलेन. हरकत लिहायची राहिली, गर्दीत चूक झाली, असं काहीतरी सांगायचं आणि साहेबांनी फेरसभा घ्या म्हटलं की मोकळं व्हायचं, असा माझा हिशेब होता. ठरावाखाली मी काय लिहून ठेवलंय हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

साहेब नवे होते, तरुण, कडक. तात्या आधीच येऊन खुर्चीवर बसलेले. आम्ही बाकीचे उभे.

"शिरतोडे, रजिस्टर काढा," साहेब मला म्हणाले. "ठराव कुठला?"

मी पान उघडून टेबलावर ठेवलं. साहेबांनी वाचायला सुरुवात केली तेवढ्यात आक्का टेबलाच्या बाजूने पुढे झाली आणि वाकून पानाकडे बघू लागली. शिपाई "बाई, मागं" म्हणाला, पण तिचं लक्ष नव्हतं. तिचं बोट पानावर फिरत खाली आलं आणि थांबलं.

"हे बगा!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की दारातली माणसं वळली. "माझं नाव! बिरा, बग, माझं नाव हाय हितं! कोंडाबाई रामा कोळेकर. म्हनलं न्हवतं मी, भाऊसाबानं लिव्हलंय म्हनून? तुमी उगंच संशेव घेत हुतासा त्या मानसाचा!"

ती माझ्याकडे बघून हसली. इतकं मोकळं हसू त्या कचेरीत कधी कोणी हसलं नसेल. आणि तिच्या बोटाखालची ती ओळ मी उलट्या बाजूने वाचली.

साहेबांनीही ती वाचली होती. त्यांनी मान वर केली.

"बाई, कोंडाबाई कोळेकर तुम्हीच ना?"

"व्हय साहेब."

"ही सही तुमची?" त्यांनी मागचं हजेरीचं पान काढलं.

"माझीच. सगळ्यात पयली."

"मग तक्रार कशाची करताय? ठराव तुम्हीच मांडलाय. सूचक, कोंडाबाई रामा कोळेकर. क्रशरला परवानगी द्या, असं तुम्ही सुचवलंय, बाकीच्यांनी मंजूर केलंय."

आक्काला काही उमगलं नाही. तिने साहेबांकडे पाहिलं, मग पानाकडे, मग माझ्याकडे.

कोणाला खोटं वाटेल, पण ते मी मुद्दाम केलं नव्हतं. प्रत्येक ठरावाखाली मांडणाऱ्याचं आणि पाठिंबा देणाऱ्याचं नाव लागतं. गावात असं कोणी उठून ठराव मांडत नाही. सरपंच वाचतो, लोक मंजूर म्हणतात. मग आम्ही ग्रामसेवक काय करायचो, तर हजेरीच्या पानावरची नावं वरून खाली ओळीने घालत जायचो. पहिल्या ठरावाला पहिली दोन, दुसऱ्याला पुढची दोन. माझ्या आधीचा भाऊसाहेब हेच करायचा, शेजारच्या गावचाही. तात्यांनी क्रशरचा ठराव आधी लिहायला लावला. हजेरीत पहिली सही आक्काची होती, कारण दीड कोस चालून ती सगळ्यांच्या आधी आली होती. हात सवयीने चालला. तिचं नाव लिहिताना मी बहुधा चहाचा घोट घेत असेन.

"भाऊसाब," आक्का म्हणाली, "सांगा की साहेबास्नी. म्या उभं ऱ्हाऊन न्हाई म्हनलं हुतं. तुमी वहीत लिव्हलं, मला दाकवलं."

"कुठली वही?" साहेबांनी विचारलं.

तात्या माझ्याकडे बघत नव्हते. छताच्या पंख्याकडे बघत होते. वही माझ्या काखेतल्या पिशवीत होती. हात घालून बाहेर काढायची, पान उघडायचं, एवढंच काम होतं. पण वही काढली की मी हरकत दडवली हे आलं, न मांडलेल्या ठरावावर बाईचं नाव घातलं हे आलं, सरकारी दप्तरात खोटी नोंद केली हे आलं. चौकशी, निलंबन, घरी दोन लहान लेकरं. एका क्षणात माणूस किती लांबचा विचार करतो! आणि नेमका जवळचा करत नाही.

"शिरतोडे, मी विचारतोय. दुसरी काही नोंद आहे?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "रजिस्टरात आहे तेच बरोबर आहे."

दाताच्या फटीत तीळ अडकलेला होता. तो मला जिभेला लागत होता, हे अजून आठवतं.

साहेबांनी अर्ज निकाली काढला. आक्का तिथेच उभी. ओरडली नाही, रडली नाही. पुन्हा वाकून त्या पानावरच्या आपल्या नावाकडे बघत राहिली.

बिरा बोलला. "वैनी, हे काय गं? आमाला दोन दिस चालवत आणलंस आन आत तूच सही देऊन बसलीस?"

"बिरा, आईची आन, म्या न्हाई..."

"नाव तुझं, सही तुझी. साहेब खोटा, रजिस्टर खोटं, भाऊसाब खोटा? समदी खोटी आन तू एकटी खरी?" त्याने घोंगडी खांद्यावर टाकली. "काय दिलं गं क्रशरवाल्यानं तुला?"

तो निघून गेला. त्या दोन बायाही त्याच्या मागून गेल्या. एकीने दारातून वळून आक्काकडे पाहिलं, पण थांबली नाही.

मी त्यांच्या मागे धावायला हवं होतं. किमान व्हरांड्यात बिराला गाठून एवढं तरी सांगायला हवं होतं की वहिनीचा दोष नाही. साहेबांपुढे नाही तर नाही, धनगराच्या पोरापुढे तरी खरं बोलायला माझं काय जात होतं? पण भित्रा माणूस एकदा मूग गिळून बसला की त्याला थुंकताही येत नाहीत. मी मागच्या दाराने एस. टी. स्टँडवर गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कच्ची वही अंघोळीच्या बंबात घातली. बायको म्हणाली, "आज पाणी लवकर तापलं."

पुढचं सगळं पिंपरणीला माहीत आहे. क्रशर अकरा वर्षं चालला. दोन वर्षांत तळ्यावर भुकटीची साय धरली आणि मेंढरं तोंड लावेनात. वीस घरांतली तेरा उठून गेली. वस्तीने आक्काला वाळीत टाकलं नाही, तसं कोणी म्हणालंही नाही. पण सुगी झाल्यावर बिरोबाच्या जत्रेत पहिला नारळ तिच्या घरचा असायचा, तो बिराच्या घरचा झाला. कोणाचं मेंढरू मेलं की बाया तिच्या दारावरून जाताना मोठ्याने बोलायच्या. तिने तळ्याला पहिलं मूल दिलं होतं, आणि तिने ते तळं विकलं असं तिच्याच भावकीने शेवटपर्यंत धरलं. हे सगळं मला कळत होतं. मी तालुका बदलून घेतला, मग जिल्हा, मग निवृत्त झालो. लोकांनी नारळ आणि शाल दिली. भाषणात कोणीतरी म्हणालं की शिरतोडे भाऊसाहेबांचं दप्तर म्हणजे आरसा.

पण मला सगळ्यात जास्त छळतो तो वेगळाच दिवस. सुनावणीनंतर नऊ दिवसांनी सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन झालं, मी चावडीत टेबल मांडलं. मनाशी म्हटलं, आता ती काही येत नाही.

ती आली. सगळ्यांच्या आधी नाही. वीसपंचवीस सह्या झाल्यावर रांगेत उभी राहून आली. मी मान खाली घालून रजिस्टर पुढे केलं आणि वर पेन ठेवलं.

"शाईचा डबा हाय का?" तिने विचारलं.

"कशाला आक्का? तुम्हाला सही येते की."

"येत हुती. इसरले."

मागचे लोक खोळंबले होते. मी कपाटातून अंगठ्याच्या शाईचा डबा काढला. साक्षरतेच्या मोहिमेनंतर तो वापरातच नव्हता, वरची गादी सुकली होती. मी त्यावर पाणी शिंपडलं. आक्काने अंगठा टेकवला, मग रजिस्टरात उमटवला. जोर देऊन, नीट.

अंगठ्याशेजारी माणसाचं नाव लिहावं लागतं, आणि ते ग्रामसेवकाने लिहायचं असतं. मी लिहिलं, कोंडाबाई रामा कोळेकर यांची निशाणी. माझं अक्षर वाकडं आलं.

मी पेन उचललं तशी ती वाकली. शाईचं नसलेलं बोट तिने ओळीच्या सुरुवातीला ठेवलं आणि एकेक अक्षर करत आपल्या नावाच्या शेवटापर्यंत नेलं. ओठ हलत होते. मग ओळीच्या पुढे, जिथे तिला काही वाचता येत नव्हतं, तिथे बोट थांबलं.

"ह्या म्होरं काय लिव्हलंय भाऊसाब?"

"यांची निशाणी, एवढंच आहे आक्का," मी म्हणालो.

तिने बोट उचललं नाही. मागच्या माणसाकडे वळली आणि म्हणाली, "तू वाच बाबा."